वरच्या मजल्यावरचा घोडा

विणायचं मशीन दोन बहिणींत वाटून घेता येतं, हे त्या इमारतीतल्या दोघींनी करून दाखवलं होतं. वाटून घेता येतं, पण मग त्यावर विणता येत नाही.

धाकटी पहिल्या मजल्यावर राहायची, थोरली तिसऱ्या. मशीन हाताने चालवायचं, एकट्या माणसाला धड उचलता येणार नाही एवढं लांब. दोनशे सुया एका ओळीत आडव्या बसवलेल्या, प्रत्येकीला टोकाशी आकडा आणि आकड्यावर उघडमीट करणारी इवलीशी जिभली. त्या सुयांवरून मूठ असलेला एक जड ठोकळा इकडून तिकडे सरकवायचा, की एक ओळ विणून तयार. त्या ठोकळ्याला दोघी बहिणी ‘घोडा’ म्हणत. लग्नाआधीपासून लग्नानंतर कितीतरी वर्षं दोघींनी त्या घोड्यावर संसाराची अर्धी हौस भागवली. त्या दिवसांत तयार स्वेटर दुकानात फारसे नसतच. माणसं घरी येऊन माप देत, गप्पा मारत बसत आणि जाताना दारातून सांगत, “बाही चार बोटं लांबच ठेवा हो, पोरगं ताडमाड वाढतंय.” एक बहीण घोडा चालवी, दुसरी खाली लोंबणाऱ्या विणीला अडकवलेली वजनं वर वर सरकवत जाई. दोघींच्या गप्पा आणि घोड्याची खर्रखर्र, एकीमागून एक.

मग परिचारिकांच्या वसतिगृहाचे बेचाळीस निळे स्वेटर आले. ते विणताना मशीन अडायला लागलं. टाके गळायला लागले. दोघींनी कसेबसे सांधून दिले, आणि पहिल्याच धुण्यात बेचाळीसच्या बेचाळीस उसवून परत आले.

“ताई, घोडा हाकतेस की रेडा?” धाकटी म्हणाली.

“आणि तू मशीनची निगा राखतेस की नाटक करतेस?” थोरली म्हणाली.

तिथून शब्दाने शब्द वाढला. धाकटी म्हणाली, मशीन माझ्या घरात आहे, ते माझ्याच घरात राहील. थोरलीने घोडा उचलला, टॉवेलात गुंडाळला आणि जिना चढून निघून गेली. मशीन पलंगाखाली गेलं, घोडा वर कपाटात. याला सात वर्षं झाली होती.

धाकटीची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. सुरुवातीला निरोप तिच्याकरवी जात. “सांग तुझ्या मावशीला, जिन्यात चपला काढू नकोस म्हणावं.” “सांग तुझ्या आईला, जिना तिच्या सासऱ्याने बांधलेला नाही.” पोरगी दोन मजले चढेपर्यंत निरोपातले काटे काढून टाकी, आणि जे उरे ते इतकं बारीक आवाजात सांगे की ऐकणारी म्हणे, “काय? नीट बोल!” पुढे निरोप थांबले, पण तो आवाज तसाच राहिला. तिचे बाबा बस चालवत. दिवसभर भोंग्यांच्या गोंगाटातून आलेल्या त्या माणसाने तिचं नाव ‘कुजबुज’ ठेवलं. लाडाने ठेवलं होतं, पण शाळेत पोचल्यावर त्यातला लाड गळून पडला.

पंधराव्या वर्षी, दहावीच्या आदल्या वर्गात, कुजबुजवर प्रसंग ओढवला. हस्तव्यवसायाच्या बाईंनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने एखादं यंत्र किंवा अवजार सभागृहात सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं आणि तोंडाने समजावून सांगायचं. आदल्या वर्षी कुजबुज साबणाचं कोरीवकाम घेऊन उभी राहिली होती आणि पाच मिनिटांत एक शब्द बोलली नव्हती. परीक्षकांनी शेवटी साबणाकडे बघूनच दोन गुण दिले होते. यंदा बाईंनी नावं घेतली तेव्हा घाबरून तिच्या तोंडून निघून गेलं, “आमच्याकडे विणायचं मशीन आहे.”

“काय आहे?”

“विणायचं मशीन.”

“वा! चालू आहे ना?”

कुजबुजने मान हलवली. ती मान होकारार्थी हलली, असं बाईंना वाटलं. त्यांनी लिहून घेतलं. लिहून घेतलेलं खोडायला सांगायचं तर पुन्हा बोलावं लागलं असतं.

घरी तिने आईला विचारलं. आई कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला जायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चेनी बदलून आलेली ती बाई पायावर पाय चोळत बसली होती.

“मशीन ने की. मी कुठे नाही म्हणते? घोडा आण खाली.”

तिसऱ्या मजल्यावर मावशी नुकतीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आली होती. ती तिथे पेशंटांचे नंबर पुकारायची आणि घरीही तसंच बोलायची. “घोडा देते. मशीन वर आण.”

“आई वर आणू देणार नाही.”

“मग झालं. पुढचा!”

पोरगी चार दिवस वरखाली करत राहिली. आईचं म्हणणं, तो घोडा मुळात चोरून नेलाय, तोच परत यायला हवा. मावशीचं म्हणणं, घोडा एकदा त्या घरात शिरला की पुन्हा दिसायचा नाही. दोघींचं म्हणणं ऐकून कुजबुजचं डोकं भणभणलं. तिला वाटे, दोघींना एका खुर्चीला बांधावं आणि आपण शाळाच सोडून द्यावी. पाचव्या दिवशी ती दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याच्या वळणावर बसकण मारून बसली. तिथे एक मोठी खिडकी होती, खिडकीखाली बऱ्यापैकी मोकळी जागा. समोरच्या दारात निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांनी दार उघडून विचारलं, “इथे का बसलीस गं?”

“ही जागा कुणाची आहे?” तिने विचारलं.

“जिना कुणाचा असतो का? कुणाचाच नाही.”

हे उत्तर तिने दोन्ही मजल्यांवर नेलं. कुणाचीच नसलेली जागा असल्यामुळे त्यात कुणाची हार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आणि तिने मशीन वर चढवून एका जुन्या टेबलाला आवळून बसवलं. मावशी वरून घोडा घेऊन आली, टेबलावर ठेवला आणि आई दिसायच्या आत परत गेली. बाबा म्हणाले, “स्टॉप अर्ध्या रस्त्यात आहे खरा, पण दोन्हीकडचे प्रवासी येतील असं वाटतंय.”

प्रवासी आले, पण वेगवेगळ्या वेळी. मावशी सकाळी कामावर जाताना थांबायची, आई संध्याकाळी परतल्यावर.

“घोडा एका दमात न्यायचा. मध्ये थांबलीस की मेलीस,” मावशी म्हणे.

“घोडा सावकाश न्यायचा. घाई केलीस की टाके गळतात. कुणी शिकवलं तुला असं ढकलायला?” आई म्हणे, आणि कुणी ते तिला पक्कं ठाऊक असे.

“लोकर सैल सोड.”

“लोकर ताणून धर.”

“वजनं कमी लाव, वीण फाटेल.”

“वजनं वाढव, वीण चढतेय बघ.”

कुजबुजने एका दमात नेलं, सावकाश नेलं, सैल सोडलं, ताणून धरलं. कसंही केलं तरी दहा-बारा ओळी होत आणि मग घोडा कुठेतरी मध्येच खट्कन अडे. मागे ओढावा तर सुया वाकड्या, पुढे न्यावा तर टाके गळत. खाली लोंबणाऱ्या विणीतून शिडीसारख्या रेघा उतरत जात. मग सगळं उसवायचं, लोकर पुन्हा गुंडाळायची, एकेका सुईवर नव्याने टाके घालायचे. जिन्यावरून येणारे-जाणारे अंग चोरून जात आणि प्रत्येकजण काहीतरी बोलून जाई. “अजून एवढंच?” “हे बाळाचं आहे का?” पोस्टमास्तर दिवसातून तीनदा दार उघडून “खट् झालं वाटतं,” एवढंच म्हणत. एकदा तिने घोड्याला लाथ घातली. पायाचं बोट सुजलं, घोड्याला ढिम्म काही झालं नाही.

प्रदर्शनाला आठ दिवस उरले तेव्हा तिच्याकडे बोटभर उंचीची एक भोकाळलेली पट्टी तयार होती. ती रडली नाही. रडायलासुद्धा दोन्हीकडून सूचना आल्या असत्या.

मशीनच्या पेटीच्या तळाशी त्याचं माहितीपुस्तक होतं. ज्या भाषेत ते होतं ती त्या घरात कुणालाच येत नव्हती. दोघी बहिणी मशीन विकणाऱ्या बाईकडून बघून बघून शिकल्या होत्या, त्यामुळे पुस्तक कुणी उघडलंच नव्हतं. कुजबुज नुसती चित्रं बघत पानं उलटत गेली. मागच्या बाजूला एक चित्र होतं. मशीन मधोमध कापलं तर आत कसं दिसेल, ते. सुयांच्या वरून एक आडवी पट्टी गेलेली, पट्टीला खालून जाड, फुगीर काहीतरी लावलेलं, आणि ते सुयांना खाली दाबून धरतंय. शेजारी दुसरं चित्र होतं, त्यात ते फुगीर काहीतरी पापडासारखं चपटं झालेलं, सुया वर उचललेल्या, आणि त्या चित्रावर भलीमोठी काट.

तिने मशीनच्या टोकाशी बोट घातलं. एक पत्र्याची लांब पट्टी सरकत बाहेर आली. तिच्या पोटाला चिकटलेला काळा वाळका थर नखाने खरवडला तर त्याची पूड झाली. कधी काळी तो स्पंज असावा.

“आई, ही कसली पट्टी?”

“ती होय? ती धूळपट्टी. धूळ बसू नये म्हणून असते. मी दर ऑर्डरच्या आधी काढून साबणाने खसखसून धूत असे. उन्हात वाळवत असे. तुझी मावशी म्हणते निगा राखत नव्हते! विचार तिला, एकदा तरी धुतली का तिने ती पट्टी?”

कुजबुजने हातातली पट्टी उलटी केली. तिला एकदम सगळं दिसलं. साबणाने धुऊन धुऊन स्पंज मेला. स्पंज मेला म्हणून सुया उचलल्या. उचललेल्या सुयांवर घोडा अडायला लागला. अडलेला घोडा मावशीने जोर लावून ढकलला, म्हणून सुया वाकल्या. आणि बेचाळीस निळे स्वेटर उसवले.

आधी नवा स्पंज हवा होता. घरात भांडी घासायचा होता, तो कापून लावला तर घोडा जागचा हलेना, इतका तो कडक. हार्डवेअरच्या दुकानात गर्दी होती.

“खिडकीच्या फटीत लावतात ती मऊ पट्टी आहे का?”

“काय?” दुकानदार कानामागे हात धरून म्हणाला.

“मऊ पट्टी.”

“मोठी पेटी?”

मागचे लोक चुळबुळायला लागले. कुजबुजची कानशिलं तापली. “पट्टी!” ती म्हणाली. “फोमची! खिडकीच्या फटीची! बोटाएवढी रुंद!”

“मग असं सांग ना,” दुकानदार म्हणाला आणि चार जाडीच्या चार पट्ट्या समोर टाकल्या. पहिली फार जाड निघाली, दुसरी फार पातळ. ती त्या दुकानात तीन दिवसांत तीनदा गेली. तिसऱ्यांदा दुकानदाराने तिला बघताच पट्ट्यांची पेटी पुढे केली आणि ती म्हणाली, “ही नको, हिच्यामागची.” ती पट्टी नेमकी बसली.

वाकलेल्या सुया तिने बाजूला काढल्या, पेटीतल्या सुट्या सुया त्यांच्या जागी बसवल्या. घोडा सरकवला. तो इकडून तिकडे गेला. पुन्हा इकडे आला. तीस ओळी झाल्या, चाळीस झाल्या. पोस्टमास्तरांनी दार उघडलं आणि म्हणाले, “आज खट् झालं नाही?”

इथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण एके काळी निरोपातले काटे काढणाऱ्या पोरीला या वेळी काही काढावंसं वाटलं नाही. बुधवारी संध्याकाळी तिने आईला पट्टी दाखवली आणि सगळं सांगितलं. गुरुवारी सकाळी मावशीला वाकड्या सुया दाखवल्या आणि तेच सगळं सांगितलं. तिची कल्पना अशी, की दोघींना हायसं वाटेल.

“म्हणजे मी वाट लावली?” आई म्हणाली. “धुऊन धुऊन माझे हात सोलले, आणि मीच वाट लावली? हे तिने तुझ्या डोक्यात भरवलंय.”

“म्हणजे मी आडदांड?” मावशी म्हणाली. “घोडा अडल्यावर काय त्याला कुरवाळत बसायचं होतं? बोलली वाटतं तुझी आई. बरं झालं, कळलं.”

“मावशी, कुणीच काही बोललं नाही. पट्टी जुनी झाली होती.”

“पट्टीला तोंड असतं तर तिने माझी बाजू घेतली असती.”

शुक्रवारी दुपारी कुजबुज शाळेतून आली तर जिन्यात नुसतं टेबल होतं. घोडा नव्हता. मशीनही नव्हतं. पोस्टमास्तर दारात उभे होते, अपराध्यासारखे. “आधी वरच्या आल्या आणि त्यांचं घेऊन गेल्या,” ते म्हणाले. “मग खालच्या आल्या. त्यांनी मला एका बाजूने धरायला लावलं. मला वाटलं, तुम्ही ठरवलं असेल.”

तिने टेबलाकडे पाहिलं. उद्या सकाळी नऊ वाजता सभागृह. चाळीस ओळींची वीण टेबलावर पडली होती, तिचे वरचे टाके मोकळेच, कुणीतरी सुयांवरून ओढून काढलेले. एकेक टाका खाली घसरायला लागला होता.

ती कठड्यावरून वाकून ओरडली.

“आई! मावशी! बाहेर या!”

जिना उंच होता आणि पोकळ होता. आवाज तळापासून गच्चीपर्यंत गेला. कुठेतरी एक दार उघडलं, मग दुसरं, मग आणखी तिसरं, पण तिला हवी ती दोन्ही बंदच राहिली.

“ऐकू येतंय मला माहितीये! लहानपणी माझ्याकरवी निरोप पाठवलेत, आता माझा निरोप ऐका! उद्या मला मशीन हवंय. अख्खं! आईने पट्टी धुतली, मावशीने घोडा दामटला, दोघींचं चुकलं! तुम्हाला माहीत नव्हतं, मला कळलं, यात माझा काय गुन्हा? तुम्हाला भांडायचंय ना? इथे येऊन भांडा! मला मध्ये घालू नका! मी दमले!”

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. चौथ्या मजल्यावरचं एक बाळ रडायला लागलं.

पहिल्यांदा खालचं दार वाजलं की वरचं, यावर पुढे घरात बरेच दिवस वाद होता. कुजबुजला एवढंच दिसलं, की खालून आई येतेय आणि वरून मावशी, घोडा टॉवेलासकट पोटाशी धरून. दोघी वळणावर समोरासमोर थांबल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. दोघी टेबलावरची वीण बघत होत्या.

“हे असं टाके मोकळे सोडून मशीन काढतात का?” मावशी विणीला म्हणाली.

“घोडाच नव्हता, तर काय करणार होते?” आई विणीला म्हणाली.

“दोरा ओवून ठेवायचा. किती वेळा शिकवलंय तुला.”

“तू मला शिकवलंस? मी तुला शिकवलं! ती मशीनवाली बाई पहिल्या दिवशी कुणाला समजावत होती? तुला ताप आला होता!”

“ताप नव्हता, डोळे आले होते.”

“ताप होता.”

“डोळे आले होते, डोळ्यांचं मला सांगू नकोस!”

“मशीन,” कुजबुज म्हणाली.

आई गेली आणि एका टोकाला धरून मशीन आणायला लागली. दुसरं टोक जिन्याच्या कठड्यावर आपटलं. मावशीने घोडा पोस्टमास्तरांच्या हातात कोंबला आणि चार पायऱ्या उतरून ते टोक धरलं. वर आणताना दोघी सगळा वेळ एकमेकींना ‘उचल’, ‘अगं डावीकडे’, ‘माझा हात!’ असं खेकसत होत्या. मशीन बसलं. घसरलेले टाके आईने आकड्याने एकेक उचलले, मावशी मोजत राहिली, आणि आईने मोजणीत चूक काढून तिला दोनदा पहिल्यापासून मोजायला लावलं. कुजबुज भिंतीला टेकून बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही, शाबासकीही दिली नाही. तिला त्याचा रागच आला, आणि तो राग येण्याइतकी ताकद अंगात उरलीय याचं नवलही वाटलं.

शनिवारी सभागृहात ती अठराव्या क्रमांकावर होती. तिच्या आधी एका मुलाने सायकलचा पंप समजावला आणि एकीने शेवया करायचं यंत्र आणून त्यातून माती काढून दाखवली. कुजबुज उभी राहिली तेव्हा मागच्या बाकांवरून कुणीतरी “शू, कुजबुज” म्हणालं आणि चारजण हसले. तिने घोडा सरकवला. एक ओळ झाली. दुसरी झाली. तिला बोलायचं होतं आणि शब्द कुठेच नव्हते. सहाव्या ओळीला घोडा अडला.

खट्.

पालकांच्या रांगेतून दोन आवाज एकदमच आले. “सावकाश मागे घे!” “मागे घेऊ नकोस, उचल!”

“थांबा दोघी,” कुजबुज म्हणाली. ते सगळ्यांना ऐकू गेलं. “ढकलायचं नाही आणि ओढायचंही नाही. आधी बघायचं. ही सुई वर आलीय, दिसतेय? हिच्यावर आतून एक स्पंज असतो, तो हिला दाबून धरतो. तिथे पट्टी जरा उचललीय.” तिने टोकाला बोट घालून पट्टी आत दाबली, सुई खाली बसवली, गळालेला टाका आकड्याने उचलला. “हा स्पंज धुवायचा नसतो. जुना झाला की बदलायचा असतो. आमच्याकडे सात वर्षं हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून सात वर्षं हे मशीन बंद होतं.”

घोडा पलीकडे गेला. मग ती बोलतच राहिली. जिभली कशी मिटते, टाका कसा सुटतो, दुसरा त्यातून कसा निघतो. तीन परीक्षकांपैकी मधल्या बाई पुढे झुकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, “अजून वीस ओळी विणून दाखवतेस? जरा भरभर.”

“भरभर विणायचं तर वजनं वर सरकवायला एक माणूस लागतं,” कुजबुज म्हणाली.

पालकांच्या रांगेत दोन खुर्च्या एकदम मागे सरकल्या.

“बस गं तू, तुझे गुडघे दुखतात,” आई म्हणाली.

“माझे गुडघे ठणठणीत आहेत. तूच बस,” मावशी म्हणाली, आणि दोघीही पुढे यायला लागल्या.